ओली भिंत

“रविवारी किसन येतोय,” असं म्हणून ह्यांनी पत्राची घडी घातली. “नलूला न्यायला.”

मी चुलीपुढं भाकरी थापत होते. हात परातीतच राहिला.

“दिवाळीच्या सुट्टीला?”

“नाही. कायमचीच. त्याच्या घरी चार पोरं आहेत, त्यांच्यात राहील म्हणतो.” थोडं थांबून ते पुढं म्हणाले, “दसऱ्याला येऊन गेला ना, तेव्हा त्यानं सगळं बघितलं. लिहिलंय, पोर सुकली, घराला घरपण नाही. इंदू गेली आणि घर तिच्यामागं गेलं म्हणतो. आता ह्यात खोटं काय, तूच सांग.”

मधल्या दारात नलू उभी होती, नऊ वर्षांची, एका वेणीला रिबीन बांधलेली आणि दुसरी तशीच मोकळी. तिनं सगळं ऐकलं. मग आत जाऊन दुसरी वेणी घालायला लागली.

इंदू म्हणजे ह्यांची पहिली बायको, नलूची आई. किसन तिचा भाऊ. तीन वर्षांपूर्वी काविळीनं गेली. मी ह्या वर्षीच्या माघात ह्या घरात आले. माझंही दुसरंच लग्न. पहिल्या घरी सहा वर्षं वाट बघून झाली, डॉक्टरीणबाईंनी मूल होणार नाही म्हणून सांगितलं, आणि त्याच आठवड्यात मला माहेरी पोचवलं गेलं. हे मला बघायला आले तेव्हा एकच वाक्य बोलले होते, “माझ्या मुलीला आई पाहिजे.” त्या एका वाक्यावर मी ह्या घरात उभी होते. मुलगीच गेली तर वाक्यात काय उरणार, आणि मी तरी कशावर उभी राहणार?

आईपण मात्र काही जमलं नव्हतं. आठ महिन्यांत नलूनं मला कुठल्याच नावानं हाक मारली नव्हती. ‘हो’, ‘नको’, ‘ठेवा तिथं’, एवढ्यात तिचं माझं भागायचं.

आम्ही राहत होतो धरणावरच्या वसाहतीत. धरण बांधून संपलं तसे साहेब गेले, मजूर गेले. शंभर क्वार्टरांतली वीस-बावीस काय ती भरलेली. बाकीच्यांची दारं-खिडक्या लोकांनी काढून नेल्या होत्या. संध्याकाळी धरणावरून वारा सुटला की त्या रिकाम्या खोल्या घुमायच्या, जात्यावर कुणी बाई नुसतीच गुणगुणतेय, शब्द विसरलीय, तशा. हे दारांवर कामाला होते. धरणाची लोखंडी दारं वर-खाली करायची, पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची.

आणि घरात इंदू होती. म्हणजे तिचा फोटोसुद्धा नव्हता, पण खिळे होते. भिंतीतला एकेक खिळा माझ्या हातापेक्षा वीतभर वर. चाळणी काढायची तर पाट घ्या, कंदील अडकवायचा तर पाट घ्या. इंदू उंच होती. मी दिवसातून दहा वेळा पाटावर चढायचे आणि दहा वेळा मला ते कळायचं. गळ्यात तिच्या नावाचा चांदीचा टाक होता, दुसरेपणावर दिलेल्या बाईनं सवतीच्या नावानं घालायचा असतो तो. तो थंडीत गार लागायचा, उन्हात तापायचा, माझ्या अंगाशी त्याचं काही जुळत नव्हतं.

“आज गुरुवार,” मी म्हटलं. “तीन दिवस आहेत अजून.”

“कशाला?”

“घराला घरपण आणायला.”

ते हसले. दुखवायला नव्हे, पण हसले. “तीन दिवसांत? आणि कशाच्या जिवावर?”

“तुमच्याकडं काही मागणार नाही. धरणाच्या स्टोअरच्या मागं चुनकळीचा डबा पडलाय तेवढा विचारून आणा. बाकीचं माझं मी बघते.”

“आतल्या खोलीतली नलूची खाट मात्र हलवू नकोस,” जाता जाता ते म्हणाले. “ती रडून गोंधळ घालते. मागं एकदा मी सरकवली होती, दोन दिवस जेवली नाही.”

“का?”

“आईची जागा ती. तिथंच गेली इंदू.”

माझ्या आईच्या घरी काही नसायचं, आणि काही नसलेल्या घराला सजवायचं कसं ते तिला ठाऊक असायचं. तिच्या हातचं मला थोडंफार आलं होतं. गुरुवारी दुपारी मी ट्रंकेतून तिची दोन जुनी लुगडी काढली, एक जांभळं, एक पिवळ्या काठाचं, आणि पडदे बेतले. काठ खाली आले, पदर मधोमध आला. विरलेल्या जागी ठिगळ न लावता कापडाची पानं कापून टाचली, म्हणजे भोकाची वेल झाली. स्टोअरमागं सिमेंटची तागाची पोती कुजत होती. ती झटकून, धुऊन, उसवून त्यांच्या सुतळीची वेणी घातली आणि गोल गोल शिवून दारात पायपुसणं केलं. बटाटा कापून त्यावर चिंचेच्या पानाची नक्षी कोरली आणि गेरूत बुडवून चुलीमागच्या भिंतीला काठ काढला. 

शुक्रवारी बांगड्यांचं तोरण करायला बसले. फुटक्या बांगड्यांचे तुकडे मेणबत्तीवर धरायचे, लाल झाले की वाकवून एकात एक अडकवायचे. हात भाजतात, पण काम जमतं. पलीकडच्या लायनीतली पारूबाई ड्रायव्हरीण ताक मागायला आली आणि दारातच उभी राहिली.

“काय गं हिरे, लगीन निघालं का कुणाचं?”

“मामा येणारेत नलूचे.”

“त्ये ठावं हाय. पोरगी न्यायला येनारेत. मानूस पोरगी न्यायला येतंय आन् तू त्याला तोरन बांधतीस?”

“घर बरं दिसलं तर नाही नेणार.”

पारूबाई खाली बसली. एक तुकडा उचलून उजेडात धरला. “आगं, त्यो काय तोरन बघनार हाय? त्यो पोरीचं त्वांड बघनार.” मग आवाज उतरवून म्हणाली, “आन् खरं सांगू का, रागावू नगं. इंदीचा जीव हितंच हाय. मरताना पोरीचा हात धरला व्हता तो सोडवावा लागला. ती तुला घर मांडू द्यायची न्हाय.”

“आठ महिने मांडलंय की.”

“मांडलं कुठं? ऱ्हायलीस.”

ताक घेऊन ती गेली. मी तुकडे तापवत बसले. आई दळताना म्हणायची तसं काहीतरी ओठावर आलं, माझं मलाच जुळलेलं:

बाई, नव्या गं घरामंदी, जुनं दिवं कोण लावी
माझ्या आधी गं आलेली, मला उंबरा दाखवी

मागं हालचाल झाली. नलू शाळेतून आली होती. तोरणाकडं बघत होती. लोंबणारी एक हिरवी कडी तिनं बोटानं हलवली, किणकिण झाली, आणि ती चटका बसल्यासारखी मागं सरली.

“आवडलं?” मी विचारलं.

“मामा रविवारी सकाळी येईल का दुपारी?”

“सकाळच्या गाडीनं.”

“बरं,” ती म्हणाली आणि आत निघून गेली.

सबंध घरात आता आतली खोलीच काय ती राहिली होती. तिला खिडकी नव्हती. भिंती सरकारी पिवडीच्या, पिवळ्या, कोपऱ्यात धूर बसून तपकिरी झालेल्या. मला वाटलं, मामा पोरीची झोपायची जागा आधी बघेल. तीच तर सगळ्यांत मळकी. शनिवारी नलूची शाळा सकाळची असायची. ती यायच्या आत खाट सरकवायची, चुना द्यायचा, खाट परत जागच्या जागी. तिला कळणार फक्त एवढंच, की खोली उजळली.

चुनकळी मी आदल्या दिवशीच विरवून ठेवली होती. कळी पाण्यात पडली की फसफसते, उकळते, तिच्याजवळ उभं राहवत नाही. सकाळी ती निवाली होती. तिच्यात चिमूटभर नीळ घातली, बोटं चिकटतील इतका डिंक घातला. घायपाताचं पान दगडावर ठेचून कुंचला केला. खाट ओढली. दाराच्या अंधूक उजेडात भिंत पिवळी, सपाट, तिच्यावर काही म्हणजे काही नव्हतं. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली, ओल्या फडक्यानं हलकीच झटकली आणि वरून खाली हात मारत गेले.

ओला चुना दिसत नाही. वाळता वाळता तो पांढरा होत येतो. म्हणून मी भिंतीकडं न बघताच बादली उचलून बाहेर गेले, हात धुतले, चहाचं आधण ठेवलं. मग खोली कशी दिसते ते बघायला कंदील लावून आत आले.

भिंतीवर हात होते.

लाल हात. ताज्या रक्तासारखे, बोटं पसरलेले. एक, दोन, चार. कंदील हलला तसे तेही हलल्यासारखे झाले. खाट होती त्या जागी, खालून वर तिरप्या ओळीत, जणू कुणी भिंतीच्या आतून रेटत होतं आणि भिंत नुकती पातळ झाली होती.

मी कंदील खाली ठेवला, कुंचला उचलला आणि त्यांच्यावर चुना मारत सुटले. जितका मारला तितके ते अधिक लाल झाले. एका तळव्यातून लाल ओघळ निघाला आणि जमिनीपर्यंत आला.

मी पारूबाईला हाक मारली ती कशी मारली ते आठवत नाही. ती आली, दारातूनच बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

“म्या म्हनलं नव्हतं?” ती कुजबुजली. “इंदीचा हात हाय त्यो. लांब बोटाचा. टाक हाय ना गळ्यात?”

मी टाक मुठीत धरला होता.

“त्यो धुऊन पाटावर मांड. दहीभात दाखव. आन् उद्या त्यो मामा आला की गपगुमान पोर दे त्येच्या हवाली. तिचंच मागनं हाय हे. माझं लेकरू माझ्या माहेरी धाडा म्हनतीय. उगं हट्ट करशील तर तुलाबी न्हेईल.”

ती माझ्याजवळ थांबली नाही. वारा सुटला होता, बाहेरचं बांगड्यांचं तोरण वाजत होतं. मी त्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले. मला वाटलं, ठीक आहे. मागून घेतेस तर ने. मी दोन घरं केली, दोन्ही दुसऱ्यांची निघाली. मी तिला मोठ्यानं म्हणालेही, “ने बाई. तुझी आहे.” त्या शब्दांसरशी इतकं रडू आलं, की नलू कधी आली ते कळलंच नाही.

ती माझ्या अंगावरून आत गेली. दप्तर खांद्यावरच होतं. मी तिला धरायला उठले, पण ती ओरडली नाही, घाबरली नाही. भिंतीपुढं गुडघ्यांवर बसली आणि सगळ्यांत खालच्या, सगळ्यांत इवल्या हातावर तिनं स्वतःचा तळवा ठेवला. तळवा खालच्या हाताला पुरून कितीतरी उरला.

“हा मी,” ती म्हणाली. “मी तीन वर्षांची.”

मी तिच्या शेजारी बसले. जवळून बघितल्यावर मग ते दिसायला लागलं. हात जोडीजोडीनं होते. खालच्या प्रत्येक जोडीत एक लहान, एक मोठा. वरच्या जोडीतला लहान हात खालच्यापेक्षा बोटभर मोठा. मोठा हात मात्र तेवढाच.

“आणि हा?”

“आई.” तिनं मोठ्या हाताच्या करंगळीवर बोट ठेवलं. करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी होती. “मी पंचमीची आहे ना. पंचमीला आई भिंतीवर नाग काढायची हळदीनं. उरलेली हळद वाटीत असायची. मग ती म्हणायची, चल, किती वाढलीस बघू. खाट सरकवायची आणि आम्ही हात लावायचो. माझा आणि तिचा.”

“कुणाला माहीत नव्हतं?”

“नाही. आई म्हणाली होती, सांगायचं नाही. भिंत सरकारी आहे.”

हळद. माझी आत्या जत्रेत विकायला घरी कुंकू करायची. हळदीवर चुन्याची निवळी, वरचं नितळ पाणी, पडली की ती कशी क्षणात पेटल्यासारखी लाल होते, ते मी पोरवयापासून बघत आले होते, माझे स्वतःचे हात त्यात रंगले होते. पिवळ्या भिंतीवर पिवळी हळद मला दिसली नव्हती, आणि चुना लागताच ती समोर उभी राहिली तेव्हा ती हळद आहे हे कुंकवाच्या घरातल्या बाईला सुचलं नव्हतं. भिऊन माणूस स्वतःचे हातसुद्धा विसरतो.

“ह्या तीन जोड्या आईच्या,” मी मोजत म्हणाले. “तीन, चार, पाच वर्षं. मग ह्या वरच्या?”

वरच्याही जोड्याच होत्या. चार होत्या. पण त्यांत मोठा हात नव्हता. दोन्ही लहानच.

नलू दप्तराचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

“सहाव्या वर्षी आई झोपूनच होती. तिचा हात उचलत नव्हता. म्हणून तिचापण मीच लावला. उजवा माझा, डावा आईचा.” मग हळूच म्हणाली, “नंतर तसंच केलं.”

सगळ्यांत वरची जोडी ह्या वर्षाच्या पंचमीची. त्या दिवशी मी पलीकडं पुरणाची दिंडं उकडत होते, हळदीचा डबा उघडा सापडला म्हणून चिडलेही होते. एवढ्याशा अंतरावर ही पोर अंधारात आपल्या दोन हातांनी दोघीजणी होत होती.

“असेच राहतील का हे?” तिनं विचारलं. “आधी नीट दिसायचे नाहीत. मला बोटांनी चाचपून शोधायला लागायचे. आता दिसतात.”

खोटं बोलावंसं वाटलं. बोलता आलं नाही.

“चुना ओला आहे तोवर राहतील. वाळला की लाली उतरेल. पांढऱ्याखाली जातील.”

“आधीसारखे पिवळे होतील?”

“नाही, बाळ. पुसले जातील. मी चुना द्यायला नको होता. मला माहीत नव्हतं.”

ती माझ्याकडं बघत राहिली. तिनं मला शिव्या द्याव्यात, मारावं, असं वाटत होतं. तिनं खाट ओढायला घेतली, एकटीला हलेना तेव्हा मी दुसरं टोक धरलं. खाट भिंतीपासून हातभर लांब ठेवून ती तिच्यावर भिंतीकडं तोंड करून निजली. मी दहीभात कालवला होता, इंदूला दाखवायला. तो मी तिला दिला. तिनं निजल्या निजल्या खाल्ला.

किसनमामा रविवारी दहाच्या गाडीनं आले. धोतर, टोपी, हातात शेंगांची पिशवी. तोरणाखाली वाकून आत आले, पडद्याचा काठ बोटांत धरून बघितला, गेरूचा काठ बघितला.

“हे सगळं तुम्ही केलं?”

“हो, दादा.”

“चांगलं केलंय. इंदूलाही असलंच वेड होतं.” मग ते ह्यांच्याकडं वळले. “पण दाजी, मी आलोय ते घर बघायला नव्हे. पोर कुठाय?”

नलू आतून आली. मामांनी तिला जवळ घेतलं, हनुवटी वर केली.

“काय गं, यायचं ना? आक्की, बंडू वाट बघतात तुझी. तुझ्यासाठी कुत्र्याचं पिल्लू ठेवलंय बंडूनं.”

“येते,” ती म्हणाली. “पण भिंत वाळली की.”

“कसली भिंत?”

तिनं त्यांचं बोट धरून आत नेलं. आम्ही दोघं मागं उभे. कंदिलाच्या उजेडात हात अजून लाल होते, कडेनं विटकरी व्हायला लागलेले. मामांनी टोपी काढली. करंगळीपाशी वाकले.

“बैलाच्या कासऱ्यात अडकून मोडली होती ही,” ते म्हणाले, अगदी हळू. “माझ्याच हातात होता कासरा.” भिंतीला त्यांनी उलट्या बोटानं हात लावला, जशी तापाची पोर चाचपतात तसा. हे एका कोपऱ्यात उभे होते, आणि त्यांना त्या खोलीत इतकी वर्षं निजून काहीच माहीत नव्हतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

“किती दिवस लागतील वाळायला?” मामांनी मला विचारलं.

“खोलीला खिडकी नाही,” मी म्हणाले. “आठ दिवस तरी.”

“मग पुढल्या रविवारी येतो.” टोपी घालता घालता ते म्हणाले, “तोवर पोरीचे कपडे बांधून ठेवा. तेव्हा मात्र अडवू नका.”

आठ दिवस लागत नाहीत. दोन दिवसांत चुना कोरडा होतो. सोमवारी सकाळी बघितलं तर खालची जोडी फिकी पडली होती.

मंगळवारी मी पाचाला उठले. नलू निजलेली होती. वाटीत चुन्याची निवळी घेतली, कुंचला बुडवला आणि आवाज होऊ न देता भिंतीवर फिरवला. पांढरं सरलं आणि आतून हात वर आले. मी रोज तेच करायला लागले. आधी खालची जोडी, मग वरच्या. इंदूच्या तळव्यावर कुंचला फिरवताना माझा हात तिच्या हाताजवळ यायचा. तिचा माझ्यापेक्षा पेरभर मोठा होता. मी तिच्याशी बोलायचे, मनातल्या मनात. म्हणायचे, बाई, थांब अजून चार दिवस. तू थांबलीस तर ती थांबेल. आणि ओवी आली ती अशी आली:

सवत मी म्हणू कशी, तिचं लेकरू माझ्याकडं
तिनं जाताना लोटलं दार, माझ्यासाठी गं उघडं

मी मेलेल्या बाईला तिच्या लेकरासाठी भिंतीत अडकवून ठेवत होते, हे मला कळत होतं. गुरुवारी पहाटे हे रात्रपाळीवरून आले आणि मला तिथं बघितलं.

“हिरा,” ते म्हणाले, “वाळू दे आता.”

“वाळायची तेव्हा वाळेल.”

“लेकराला फसवतेस.”

मी कुंचला फिरवत राहिले. त्यांनी वाटी काढून घेतली नाही.

पण हळदीला किती चुना सोसणार? रोज थोडी लाली निवळीबरोबर उतरायची. शुक्रवारी खालच्या जोड्या उठल्याच नाहीत. शनिवारी संध्याकाळी इंदूचा एक शेवटचा तळवा तेवढा होता, तोही गुलाबी डागासारखा, करंगळी गेलेला. मी दोनदा निवळी मारली. दुसऱ्यांदा तोही विरघळला. भिंत पांढरी झाली, स्वच्छ, जशी मला आठ दिवसांपूर्वी हवी होती तशी.

नलूनं कंदील जवळ नेऊन बघितलं. एकदा खाली, एकदा वर. ह्यांनी तिचे कपडे एका पिशवीत भरून दाराशी ठेवले होते, त्यावर तिनं पाटी आणून ठेवली आणि निजली.

रविवारी मला पाचाला जाग आली ती सवयीनं. उठून काय करायचं होतं? तरी उठले. वाटी फळीवर ठेवलेली असायची, ती जागेवर नव्हती. कुंचलाही नव्हता. आतल्या खोलीत कंदील मिणमिणत होता.

नलू खाटेवर उभी होती. वाटी डाव्या हातात. कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर ती वरून खाली कुंचला मारत होती, मी मारायचे तशीच, आवाज न करता. भिंतीवर काही उठत नव्हतं. पाण्याचे ओघळ तेवढे उजेडात चमकत होते.

“नलू.”

“रोज उठता तेव्हा मला कळतं,” ती वळून न बघता म्हणाली. “तुमच्या बांगड्या वाजतात.”

मी पुढं झाले. हातातली वाटी धरायला हात केला. तिनं दिली नाही, पण खाटेवर जरा बाजूला सरकली, माझ्यापुरती जागा झाली. मी तिच्या शेजारी उभी राहिले. वरच्या कोपऱ्याला तिचा हात पुरत नव्हता. तिनं कुंचला माझ्या हातात दिला.

“तिथं कोरडं राहिलंय,” ती म्हणाली. “मामा आला की सांगा, भिंत अजून ओली आहे.”